डीप सॉकेट की साधा पाना? बाइक-कारच्या कामासाठी योग्य टूल कसं निवडायचं



नवा फोन घ्यायचा झाला की आपण किती खोलात जातो! रॅम किती, प्रोसेसर कुठला, बॅटरी किती एमएएच, चार-चार रिव्ह्यू बघतो. पण टूल किट घेताना मात्र आपण एकच आकडा बघतो, तो म्हणजे किती पीस. ४६ पीस, १०८ पीस. जितके पीस जास्त, तितकी चांगली डील असं वाटतं आणि ऑर्डर करून मोकळे होतो.

खरं सांगू का, पान्याच्या बाबतीत हा आकडा सगळ्यात कमी कामाचा आहे. तुमच्या गाडीच्या एका नटाला नीट बसणारी एक गोटी ही न बसणाऱ्या शंभर गोट्यांपेक्षा जास्त कामाची. आणि नीट न बसणारा पाना नुसता निरुपयोगी नसतो, तो गाडीचं नुकसानही करतो. म्हणून आजच्या लेखात आपण बघणार आहोत की डीप सॉकेट म्हणजे काय, तो कधी लागतो, कधी साधा पानाच बरा, आणि खरेदी करताना कुठल्या गोष्टी बघायच्या. चला तर मग, सुरुवात करूया.

पान्यावरचा आकडा नक्की कशाचा?

सगळ्यात आधी हा गोंधळ दूर करू. पान्यावर १० लिहिलेलं असतं म्हणजे बोल्ट १० मिलीमीटर जाड आहे असं नाही. तो आकडा बोल्टच्या षटकोनी डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधल्या अंतराचा असतो. बोल्टची जाडी वेगळी मोजतात आणि ती एम ६, एम ८ अशी लिहितात.

बहुतेक वेळा एम ६ बोल्टला १० नंबरचा पाना लागतो. एम ८ ला जपानी पद्धतीच्या गाडीत १२ आणि युरोपियन पद्धतीच्या गाडीत १३. एम १० ला जपानी पद्धतीत १४, तर युरोपियन पद्धतीत १६ किंवा १७. म्हणूनच काही गाड्यांवर काम करताना १०, १२, १४, १७ हेच पाने सारखे हातात येतात आणि दुसऱ्या गाडीवर १३ शिवाय पान हलत नाही. मित्राचा सेट बघून तसाच सेट मागवण्याआधी आपल्या गाडीचे नंबर बघा, ते यासाठीच.

आणखी एक गोष्ट. जुन्या गाड्यांवर, शेतीच्या अवजारांवर इंची मापाचे नट अजूनही भेटतात. इथे काही जोड्या चालतात, काही चालत नाहीत. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, तिथे १९ चा पाना चालतो. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. त्याला १३ चा पाना लावला तर ०.३ मिमीची फट राहते. ऐकायला काहीच नाही वाटत, पण गंजलेला नट असेल तर एवढी फट त्याचे कोपरे गोल करायला पुरेशी आहे.

डीप सॉकेट म्हणजे काय?

सॉकेट म्हणजे गॅरेजच्या भाषेत गोटी. एका बाजूला नटावर बसणारं षटकोनी तोंड, दुसऱ्या बाजूला रॅचेट बसवायला चौकोनी भोक. साधी गोटी आखूड असते. डीप सॉकेट म्हणजे तीच गोटी, पण लांब. अर्ध्या इंची सेटमधली साधी गोटी साधारण ३८-४० मिमी लांब असते, तर डीप गोटी साधारण ७५-८० मिमी.

ही जास्तीची लांबी कशाला? समजा एखाद्या नटातून स्टडचे आटे २५-३० मिमी बाहेर आलेले आहेत. त्यावर साधी गोटी बसवली की काय होतं? स्टडचं टोक गोटीच्या आत वरच्या बाजूला टेकतं आणि गोटी नटावर पूर्ण खाली उतरतच नाही. नटाच्या वरच्या कडेला जेमतेम दोन-तीन मिमी पकडते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं गोटी बसली आहे. जोर लावला की ती निसटते, नटाचे कोपरे घेऊन जाते, आणि तुमची बोटं जवळच्या धातूवर आपटतात.

माझ्या एका मित्राच्या बाइकचा सायलेन्सर काढताना नेमकं हेच झालं. नट गंजलेला, स्टड लांब, गोटी आखूड. दोन झटक्यांत नट गोल. मग गॅरेजवाल्याने छिन्नीने तो नट फोडला, त्यात स्टडही गेला आणि नवा स्टड बसवावा लागला. एका लांब गोटीच्या किमतीपेक्षा ते काम कितीतरी महागात पडलं. खराब टूलचं बिल दुकानात येत नाही, ते नंतर गॅरेजमध्ये येतं.

गंमत म्हणजे एक डीप सॉकेट बहुतेक बाइकवाल्यांकडे आधीच असतो. कंपनीच्या टूल किटमध्ये जो नळीसारखा प्लग पाना मिळतो ना, तो तत्त्वाने डीप सॉकेटच आहे. प्लगचा लांब पांढरा सिरॅमिकचा भाग आत सामावून घेऊन खालच्या षटकोनावर बसायचं, एवढंच त्याचं काम.

डीप सॉकेट कुठे कुठे लागतो?

• स्पार्क प्लग : इथे पर्यायच नाही. प्लगसाठीच्या खास गोटीत आत रबर किंवा मॅग्नेट असतं, म्हणजे प्लग खोल विहिरीतून वर काढताना पडत नाही. माप कसं ओळखायचं? एनजीकेच्या प्लगवर नंबर असतो, त्याचं पहिलं अक्षर बघा. सी ने सुरू होत असेल तर आटे १० मिमीचे आणि गोटी १६ ची. डी असेल तर आटे १२ मिमी आणि गोटी साधारणपणे १८ ची. बी असेल तर आटे १४ मिमी आणि गोटी साधारणपणे २१ ची, पण बी नंतर लगेच सी असेल तर १६ ची.

• सायलेन्सरचे नट : स्टड बाहेर आलेला असतो, उष्णतेने आणि गंजाने नट जाम झालेला असतो. लांब गोटी आणि तीही सहा कोनी.

• कारच्या चाकाचे नट : अलॉय व्हील असेल तर नट खोल भोकात असतो. गोटी लांब हवी आणि तिची भिंत पातळ हवी, नाहीतर आत शिरतच नाही किंवा अलॉयला ओरखडे पडतात. मापं साधारणपणे अशी : मारुती सुझुकी आणि होंडाला १९, ह्युंदाई आणि टोयोटाला २१, फोक्सवॅगन आणि स्कोडाला १७. तरी तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये एकदा खात्री करा.

• लीफ स्प्रिंगचे यू-बोल्ट : पिकअप, टेम्पो, जीप यांच्या मागच्या पाट्यांना हे असतात. आटे बोटभर बाहेर आलेले. इथे आखूड गोटीचा काही उपयोग नाही.

• ऑक्सिजन सेन्सर : बहुतेक ठिकाणी २२ मिमी. पण सेन्सरला वायर असते, त्यामुळे बाजूने उभी चीर असलेली खास लांब गोटी लागते.

मग सगळ्या गोट्या डीपच घेतल्या तर?

हा प्रश्न मला खूप जण विचारतात. उत्तर आहे, नको. लांब गोटीने आखूड गोटीचं बरंच काम होतं हे खरं, पण दोन अडचणी येतात. एक, जागा. इंजिन आणि चॅसिसच्या मधे चार बोटं जागा असेल तर रॅचेट आणि लांब गोटी मिळून तिथे मावत नाही. दोन, तोल. हात नटापासून जितका लांब, तितकी गोटी कलण्याची शक्यता जास्त. लांब गोटीला वर आणखी एक्स्टेन्शन लावलं आणि एका हाताने ओढलं की ती तिरपी होते आणि घसरते. अशा वेळी दुसऱ्या हाताने रॅचेटचं डोकं नटाच्या रेषेत दाबून धरायचं.

म्हणून माझा नियम सोपा आहे. आटे बाहेर आलेले असतील किंवा नट खोलात असेल तर डीप. बाकी सगळीकडे साधी गोटी. आणि वरून गोटी बसवायला जागाच नसेल तर पाना.

पान्याचे प्रकार आणि त्यांची कामं

गोटी कितीही चांगली असली तरी काही ठिकाणी ती हरते. उदाहरणार्थ, ब्रेक पाइपचा नट. त्यातून पाइप आरपार गेलेला असतो, मग गोटी घालणार कुठून? तिथे पानाच लागतो. म्हणून पान्यांची ओळख करून घेऊ.

फिक्स पाना : दोन्ही बाजूंना उघडं तोंड. बाजूने सरकवून बसवता येतो. पण तो नटाच्या फक्त दोन बाजू पकडतो, म्हणून जाम नटावर आधी याचा वापर करायचा नाही. एक युक्ती लक्षात ठेवा. याचं तोंड दांड्याशी साधारण १५ अंशात तिरकं असतं. ते उगाच नाही. अडचणीच्या जागी थोडंसं फिरवायचं, पाना काढून उलटा करून लावायचा, पुन्हा थोडं फिरवायचं. ३० अंश जागेतही नट फिरत राहतो.

रिंग पाना : नटाला चारही बाजूंनी कवेत घेतो. घट्ट नट सोडवायचा असेल तर आधी रिंग, मग फिक्स.

कॉम्बिनेशन पाना : एका टोकाला रिंग, दुसऱ्याला फिक्स, दोन्ही एकाच मापाचे. रिंगने नट सोडवायचा आणि फिक्सने पटापट काढायचा. नवीन माणसाने पहिला सेट घ्यायचा तर हाच घ्यावा असं मी सांगेन.

फ्लेअर नट पाना : रिंग पान्याला पाइप आत जाण्यापुरती फट ठेवलेली. ब्रेक आणि फ्युएल पाइपच्या मऊ नटांसाठी. ब्रेक पाइपला बऱ्याचदा १० किंवा ११ चा लागतो.

अ‍ॅडजस्टेबल पाना : म्हणजे आपला स्क्रू पाना. नळ-पाइपच्या कामाला छान, गाडीच्या कामाला शेवटचा पर्याय. त्याचा जबडा थोडा हलतोच, आणि हलणारा जबडा म्हणजे गोल होणारा नट. वापरायचाच झाला तर जोर न हलणाऱ्या जबड्यावर येईल असा लावा.

सहा कोनी की बारा कोनी?

गोटीच्या तोंडात डोकावून बघा. आत सहा कोपरे असतील किंवा बारा. बारा कोनी गोटी दर ३० अंशांवर नटावर बसते, म्हणून अडचणीत पटकन बसवता येते. सहा कोनी दर ६० अंशांवर बसते, पण तिचा दाब नटाच्या कोपऱ्यापासून थोडा आत, सपाट बाजूवर येतो. नट गंजलेला असेल, कोपरे थोडे झिजलेले असतील तर सहा कोनीच वाचवते. रॅचेट असेल तर बारा कोनीचा फायदा तसाही उरत नाही, कारण गोटी उचलून पुन्हा बसवावीच लागत नाही. म्हणून गोट्या सहा कोनी घ्या. रिंग पाना बारा कोनी असला तरी चालतो.

दोन सूत, तीन सूत, चार सूत

रॅचेटच्या चौकोनी टोकाला ड्राइव्ह म्हणतात आणि तो आजही इंचातच मोजतात. एक इंच म्हणजे आठ सूत, हे जुन्या मिस्त्रींचं माप इथे अजून कामाला येतं. पाव इंच म्हणजे दोन सूत, सुमारे ६.३५ मिमी. ३/८ इंच म्हणजे तीन सूत, सुमारे ९.५ मिमी. अर्धा इंच म्हणजे चार सूत, १२.७ मिमी.

पाव इंची ड्राइव्ह छोट्या स्क्रू-बोल्टसाठी, पॅनेल आणि डॅशबोर्डसाठी. तीन सूत बाइकच्या बहुतेक कामांसाठी. अर्धा इंची कारच्या चाकासाठी, सस्पेन्शनसाठी. ऑनलाइन दिसणारे ४६ पीसचे छोटे किट बहुतेक पाव इंची असतात. त्यात साधारण ४ ते १४ मिमीच्या डझनभर आखूड गोट्या आणि बाकी सगळी बिट्स. खोलून बघा, १७, १९ ची गोटी त्यात नसते. म्हणजे त्या किटने तुमच्या बाइकचं मागचं चाकसुद्धा निघणार नाही. किट वाईट नाही, पण ते कशासाठी आहे हे माहीत हवं.

थोडं गणित : जोर किती लावायचा?

नट फिरवणारा जोर म्हणजे टॉर्क. टॉर्क म्हणजे तुम्ही लावलेलं बल गुणिले दांड्याची लांबी. समजा कारच्या चाकाचा नट १०० न्यूटन-मीटरला घट्ट करायचा आहे. पाव इंची छोट्या रॅचेटचा दांडा १५ सेंमी. त्यावर साधारण ६८ किलो वजनाइतका जोर लागेल, म्हणजे एक आख्खा माणूस उभा करावा लागेल. आणि त्याआधी रॅचेटचे आतले दातच तुटतील. तेच ४५ सेंमीच्या दांड्याने २३ किलोत होतं.

आता उलटी बाजू बघा. १० मिमी आट्यांच्या स्पार्क प्लगला फक्त १० ते १२ न्यूटन-मीटर पुरे असतात. २५ सेंमीच्या रॅचेटवर हा जोर होतो जेमतेम पाच किलो. मनगटाचा जोर, बस्स. पण कोणी पूर्ण ताकदीने २५ किलो लावले तर साठच्या वर जातो, आणि इंजिनचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. आटे गेलेच समजा. म्हणून प्लग आधी नुसत्या हाताने, गोटी आणि एक्स्टेन्शन धरून बसवायचा आणि रॅचेट फक्त शेवटच्या घट्टपणासाठी लावायचा. चाकाचे नट घट्ट करायला शक्य असेल तर टॉर्क रेंच वापरा. आकडा मॅन्युअलमध्ये असतो, आणि बहुतेक कंपन्यांचं मॅन्युअल फोनवर पीडीएफमध्ये मिळतं. पाना हातात घेण्याआधी फोन हातात घ्यायचा तो यासाठी.

खरेदी करताना काय बघायचं?

१. गोटीवर काय कोरलंय ते वाचा. हातानं वापरायच्या चकचकीत गोट्या बहुतेक क्रोम व्हॅनेडियम स्टीलच्या असतात. इम्पॅक्ट गनसाठी काळ्या, जाड भिंतीच्या, बहुतेक क्रोम मॉलिब्डेनम स्टीलच्या गोट्या वेगळ्या मिळतात. चकचकीत गोटी इम्पॅक्ट गनला कधीही लावू नका. ती फुटून तुकडे डोळ्यात जाऊ शकतात.

२. माप स्टिकरवर नाही, धातूवर कोरलेलं हवं. स्टिकर महिन्यात निघून जातो.

३. नव्या बोल्टवर गोटी बसवून हलवून बघा. किंचित हालचाल चालेल, पण गोटी फिरून लोळत असेल तर परत करा.

४. रॅचेटचे दात विचारा. २४ दातांचा रॅचेट एका दाताला १५ अंश फिरतो, ७२ दातांचा ५ अंश. जागा कमी असेल तिथे हा फरक लगेच जाणवतो.

५. आयएस नंबर बघा. भारतीय मानकांमध्ये फिक्स पान्यांसाठी आयएस २०२८ आणि रिंग पान्यांसाठी आयएस २०२९ आहे.

६. सुटा पीस मिळेल असा ब्रँड घ्या. १० ची गोटी हरवणार, हे लिहून ठेवा! तेव्हा एकटी १० ची मिळाली पाहिजे. आपल्या नाशिकची टपारिया असो किंवा पंजाबातल्या जालंधर-लुधियानाचा माल असो, हार्डवेअरच्या दुकानात सुटे पाने सहज मिळतात, आणि तिथे हातात घेऊन बघताही येतं.

मी कुठून सुरुवात करायला सांगेन?

बाइकसाठी : कॉम्बिनेशन पाने ८, १०, १२, १३, १४, १७, १९. तीन सुती रॅचेट, ७५ आणि १५० मिमीचं एक्स्टेन्शन. सहा कोनी आखूड गोट्या ८ ते १९ मधल्या, तुमच्या गाडीला लागतील तेवढ्याच. डीप गोट्या फक्त तीन, १०, १२ आणि १४. शिवाय तुमच्या मापाची प्लगची गोटी.

कारसाठी यात भर : अर्धा इंची लांब दांडा, तुमच्या चाकाच्या मापाची पातळ भिंतीची डीप गोटी आणि जमेल तेव्हा टॉर्क रेंच. ही गोटी घरी नाही, डिकीत ठेवा. रात्री घाटात टायर बसला तर तेव्हाच तिची किंमत कळते.

आयटीआय करणाऱ्या किंवा नवं गॅरेज टाकणाऱ्या मित्रांना एक सांगणं. पैसे कमी असतील तर मोठा सेट हप्त्यावर घेण्यापेक्षा दर महिन्याला दोन-तीन चांगले सुटे पाने घ्या. पहिल्या दोन महिन्यांत कुठले नंबर सतत लागतात ते फोनच्या नोट्समध्ये लिहीत जा. ती यादीच तुमचा खरा सेट आहे.

वापरताना एवढं पाळा

• पाना शक्यतो स्वतःकडे ओढा, ढकलू नका. ढकलावाच लागला तर मूठ न वळता उघड्या तळव्याने ढकला, म्हणजे निसटला तरी बोटं फुटणार नाहीत.
• गंजलेल्या नटावर आधी गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि थांबा. घाई केली की नट गोल होतो.
• दांड्याला पाइप लावून लांबी दुप्पट केली की टॉर्कही दुप्पट होतो. रॅचेटला पाइप लावू नका. त्यासाठी साधा लांब दांडा असतो.
• चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने घट्ट करा, आणि ५० ते १०० किमीनंतर पुन्हा एकदा तपासा.
• खोलण्याआधी फोनने फोटो काढा. कुठला बोल्ट कुठे होता ते नंतर आठवत नाही.

तर मित्रांनो, यापुढे टूल किटची जाहिरात दिसली की पीस मोजण्याआधी चार प्रश्न विचारा. माझ्या गाडीचे नंबर यात आहेत का? ड्राइव्ह किती सुताचा आहे? गोट्या सहा कोनी आहेत का? आणि डीप एक तरी आहे का? चारही उत्तरं हो किंवा समाधानकारक आली तर खुशाल घ्या. तुमच्या गाडीचा एखादा नट अडून बसला असेल तर मॉडेल आणि नटाची जागा कमेंटमध्ये लिहा, कुठली गोटी लागेल ते मी नक्की सांगेन.